इटलीतला बोजारा

आमच्या घरात ताटं तीन होती. एक आजोबांचं, एक माझं, एक धाकट्या भावाचं. आईचं ताट नव्हतं. मी चौथीत असताना वडील तापानं गेले. त्यांचं ताट आईनं भावाला दिलं आणि स्वतःसाठी काही ठेवलं नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, आमचं गाव. स्वतःची म्हणायला एक लहानशी बांधी होती, बाकी वर्षभर आई दुसऱ्यांच्या शेतात. पावसाळ्यात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, मग निंदण, मग कापणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. संध्याकाळी चुलीवर जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, चढायचा. त्यात भात कमी आणि पेज जास्त. आधी आजोबा जेवायचे, मग आम्ही दोघं. आमचं झालं की आई चुलीकडे तोंड करून बसायची आणि गंजातलंच खायची. पाठ आमच्याकडे असल्यामुळे काय उरलं होतं ते कधी दिसायचं नाही. विचारलं तर म्हणायची, "तुमचं झालं ना? मंग झालं."

हे मी कोणाला दया यावी म्हणून लिहीत नाही. आमच्या आळीत बहुतेक घरी असंच होतं. पण लोक मला विचारतात, इटलीला गेलात तर काय पाहिलं, कुठे राहिलात, काय खाल्लं. त्याचं उत्तर या गंजापासून सुरू होतं, त्याला माझा इलाज नाही.

वर्षातून एकच दिवस आई वेगळी जेवायची. आमच्याकडे रोवणी संपली की शेतमालक रोवणाऱ्या बायांना जेवण देतो. त्याला बोजारा म्हणतात. त्या दिवशी बायांची पंगत आधी बसते, मालकाच्या घरचे लोक वाढतात आणि मागून जेवतात. मी लहानपणी आईच्या बाजूला बसून हे पाहिलं आहे. पत्रावळीवर भात, कोंबडीचा रस्सा, उडदाचे वडे. आई मान वर करून जेवायची, मालकिणीला हाक मारून "बाई, भात आणा" म्हणायची, आणि तिच्या चेहऱ्यावर लाज नावाला नसायची. एकदा घरी येताना मी विचारलं, "आई, तू घरी अशी काऊन नाई जेवत?"

ती म्हणाली, "रोवणी केली का नाई मी? हक्काचं हाये ते. घरचं मांगं बसून खाते, कामाचं पुढं बसून खाते."

ते माझ्या डोक्यात राहिलं.

आमच्या भिंतीला एक भोक पडलं होतं, त्यावर आरमोरीच्या कापड दुकानातलं कॅलेंडर टांगलेलं होतं. वर्ष संपलं तरी ते काढलं नाही, कारण काढलं तर वारा आत यायचा. त्यावर पाण्यात उभ्या असलेल्या शहराचं चित्र होतं, घराच्या दारापर्यंत पाणी, आणि खाली इंग्रजीत नाव. सातवीत मला ते वाचता आलं. "आई, हे व्हेनिस आहे. इटलीमध्ये." आईनं भाकरी थापता थापता पाहिलं आणि म्हणाली, "इथी रोवणी सोपी असन. पाणी घरापाशीच हाये."

मी आरमोरीत बारावी झाले, गडचिरोलीत बी.एस्सी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानानंच सांगते, सांगायला लाजत नाही. पुढे नागपूरला धान्य आणि खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिल्या पगारात मी स्टीलच्या ताटांचा संच घेऊन गावी गेले. आईनं एकेक ताट उलटंसुलटं करून पाहिलं, "चांगले हायेत," म्हणाली, आणि पाहुण्यांसाठी म्हणून पेटीत ठेवून दिली. नागपूरच्या माझ्या खोलीवर आली तरी तेच. टेबलाशी बसवली तर खुर्चीच्या काठावर बसायची, मला खाऊ द्यायची, आणि मी उठले की माझं ताट आपल्याकडे ओढून त्यात उरलेलं खायची. घरात आता भाताला काही कमी नव्हतं. तरी ती उरलेलंच खायची.

तेव्हा मी ठरवलं की हिला एकदा अशा जागी न्यायचं जिथे हिच्या हातात चूलच नसेल. तिथे तरी ती आधी, गरम आणि पोटभर जेवेल. आणि जायचंच तर त्या भिंतीवरच्या गावाला जायचं. पैसे साठवायला बरीच वर्षं गेली. आईची एकच अट होती, रोवणीच्या आत परत यायचं. म्हणून जूनमध्ये निघालो.

शेजारची काकू फाटकात उभी होती. "काऊन वं, आरमोरीचा बाजार पुरा पाहून झाला नाई, अन् इटली पाहाले चालली?"

"बाजार कुठी पळून जाते," आई म्हणाली. तिच्या पिशवीत जवसाची चटणी, मुरमुरे आणि मोहाचे लाडू होते.

रोममध्ये आम्ही ननांच्या पाहुणेघरात राहिलो. कोणी आईला घेऊन जाणार असेल तर मी हीच जागा सुचवीन. खोली साधी, दोन खाटा, एक टेबल, खिडकीखाली संत्र्याचं झाड, आणि रात्री दहाला फाटक बंद. आईला त्या फाटकाचं फार बरं वाटलं. सगळीकडे बायाच होत्या, त्यामुळे ती पहिल्याच सकाळी अंगणात जाऊन पालापाचोळा झाडायला लागली. एका म्हाताऱ्या ननने तिच्या हातातला झाडू हळूच काढून घेतला आणि तिला बाकावर बसवलं.

शहरात ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ आहेत, दिवसभर वाहत असतात. आई प्रत्येक नळाशी थांबायची. "याले तोटी काऊन नाई?" तोटी नसतेच, म्हटलं तरी पटायचं नाही. हात लावून पाहायची, इकडेतिकडे कोणी जबाबदार माणूस दिसतो का बघायची. दुसऱ्या दिवशी मात्र बाटली भरून घेतली आणि म्हणाली, "गोड हाये पाणी."

रोमचं जुनं मोठं गोल प्रेक्षागार पाहायला गेलो, ते अर्धं पडलेलं आहे आणि जगभरातून लोक तिकीट काढून येतात. आईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आपल्याकडलं मार्कंड्याचं देऊळ बी असंच पडलं होतं. पण तिथी देव तरी हाये. इथी काय होते?"

मी सांगितलं, इथे माणसांना वाघसिंहांसमोर सोडायचे आणि लोक बसून बघायचे.

"वाघ पाहाले तिकीट?" आई म्हणाली. "आपल्याकडे तं बांधीच्या धुऱ्यावर येते."

हिंडण्याफिरण्यात ती अशी मजेत होती. अडचण जेवणाची होती. रोममधल्या एका गल्लीत, वेलीखाली चार टेबलं टाकलेल्या छोट्या खानावळीत मी दोघींसाठी दोन प्लेट मागवल्या. लांब शेवयांसारखं ते असतं, वरून चीज आणि काळी मिरी, गरम होतं, आणि खरंच चांगलं होतं. आई हात मांडीवर ठेवून बसली.

"खा ना आई."

"तू खाऊन घे. मले भूक नाई."

वेटर दोनदा येऊन बघून गेला. माझं संपत आलं तसा आईचा हात हळूच माझ्या प्लेटीकडे निघाला. प्लेटीत थोडं उरलं होतं. पण तेवढ्यात वेटर आला, माझी प्लेट उचलली आणि घेऊन गेला. बगळ्यानं डोळ्यांदेखत मासोळी उचलून न्यावी आणि माणसानं बघत राहावं, तशी आई त्याच्याकडे बघत राहिली.

"अवं, नेली त्यानं."

"आई, तुझी प्लेट समोर आहे. भरलेली आहे."

"हे माह्यं कुठी? मी तं मांगवलं नाई." मग ती प्लेट माझ्याकडे सरकवली. "हे बी तूच घे. उरलं तं मी खाते."

वेटरनं तोंड पाडून विचारलं, जेवणात काही चुकलं का. मी नाही म्हटलं आणि पैसे दिले. त्या दिवशी आईनं खोलीवर येऊन मुरमुरे आणि चटणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम माझ्या प्लेटीत अर्धं ठेवलं, तर ते तिनं खुशीनं खाल्लं, स्वतःचं मात्र गार होऊ दिलं. मग रस्त्यावर तळलेले भाताचे गोळे मिळाले, आत चीज. तो माझा अर्धा गोळा तिला इतका आवडला की मी रोज अर्धाच खायला लागले. चूल तिच्या हातात नव्हती, पण माझी हिकमत चालली नाही. चूल इथवर तिच्याबरोबरच आली होती.

व्हेनिसला आम्ही पुलाच्या अलीकडे, जमिनीवरच्या गावात राहिलो, कारण पाण्यातल्या गावात राहणं परवडत नाही. तिथे बोटी एसटीसारख्या चालतात. थांबा आला की कंडक्टर दोर टाकतो, लोक चढतात, उतरतात. आई कठड्याला धरून उभी राहिली आणि भिंतीवरचं चित्र प्रत्यक्षात बघत राहिली. मग म्हणाली, "वैनगंगा आली तं आपण घर सोडतो. हे लोक खिडकीत फुलं लावते."

"आवडलं का?"

"आवडलं. पण रोवणीले जागा नाई."

तिथे उभ्या उभ्या खायची दुकानं असतात. काचेच्या कपाटात पावाच्या लहान तुकड्यांवर काही काही ठेवलेलं, काडी टोचून घ्यायचं आणि खायचं. कोणी आधी नाही, कोणी मागून नाही. तिथे आईनं दोन तुकडे खाल्ले. मी फार आशेनं पाहत होते, पण ते दोन्ही मी चावून ठेवलेले होते हे मला नंतर कळलं.

शेवटचे दिवस मी मुद्दाम राखून ठेवले होते, आणि त्याबद्दल आईला काही सांगितलं नव्हतं. इटलीच्या उत्तरेला, व्हेर्चेल्ली नावाच्या शहराभोवती, भात पिकतो. प्रयोगशाळेत परदेशी तांदळाचे नमुने आले तेव्हा मला ते कळलं होतं. गाडी त्या भागात शिरली तेव्हा आई डुलकी घेत होती. मी तिला हलवलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि जागेवरून उठली.

"अवं पोरी, हे तं बांध्या हायेत."

पाणी साचलेल्या बांध्या, त्यात हिरवे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, मध्ये मातीचे बांध, आमचे धुरे, आणि धुऱ्यांवर बगळे. आई स्टेशन येईपर्यंत खाली बसली नाही.

आम्ही मुक्कामाला उतरलो ते एका शेतकऱ्याचं घर होतं. मोठं चौकोनी विटांचं आवार, मध्ये अंगण, छपराखाली पाकोळ्यांची घरटी, आणि घराच्या भिंतीपर्यंत धान. पाहुण्यांना तिथे खोल्या देतात आणि घरच्यांसोबत एकाच लांब टेबलावर जेवू घालतात. मालक पन्नाशीपुढचा, त्याला कामापुरतं इंग्रजी येत होतं. त्याची आई पंचाऐंशीच्या पुढची, काठी घेऊन चालणारी, बोलणं कमी आणि बघणं जास्त. संध्याकाळ झाली तसे डास आले. आई हातावर चापट मारून म्हणाली, "डास बी आपलेच."

पहिल्या जेवणाला भात होता, राजम्यासारख्या दाण्यांचा, कालवून घट्ट केलेला. आई नेहमीप्रमाणे मांडीवर हात ठेवून बसली. माझ्या प्लेटीतलं एक शीत तिनं दोन बोटांत चिरडून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कच्चा हाये." तिथे भात तसाच थोडा कणीदार खातात. आईनं माझं उरलेलं खाल्लं आणि स्वतःची प्लेट परत गेली. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून ती म्हातारी हे सगळं पाहत होती.

सकाळी जाग आली तर आईची खाट रिकामी. अंगणात नाही, स्वयंपाकघरात नाही. बाहेर धुऱ्यावर तिच्या चपला दिसल्या, जोडून ठेवलेल्या. आणि बांधीत आई. लुगडं वर खोचलेलं, कमरेत वाकलेली, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, मागं मागं सरकत रोवत चाललेली.

"आई, काय करून राह्यली तू?"

"अवं, यानं पुरी बांधी लावली अन् मधात दोन पट्टे रिकामे सोडले. पाह्य ना. अशी बांधी सोडून कोणी उठते का? मालकाच्या घरी बरकत नाई राहात." जिथे दाट उगवलं होतं तिथून तिनं पऱ्हे उपटले होते आणि ते दोन्ही पट्टे धुऱ्यापासून बरेच आतपर्यंत भरून काढले होते.

मालक आला. त्यानं पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि मग मला समजावून सांगितलं. तिथे हातानं रोवत नाहीत, यंत्रानं बी टाकतात. ते दोन पट्टे ट्रॅक्टरच्या चाकांसाठी सोडलेले होते. ट्रॅक्टर पुढेही बांधीत येणार, आणि हे सगळं त्याच्या चाकाखाली जाणार.

मी आईला सांगितलं. ती पाण्यात उभी राहिली. हातातली जुडी तिनं खाली ठेवली नाही, तशीच धरून राहिली. "मी चुकली," ती म्हणाली. "लोकाच्या बांधीत हात घातला." मग बाहेर आली, पाय धुतले, चपला घातल्या, आणि खोलीत जाऊन पिशवी भरायला लागली. "चाल, जाऊ. मले इथी काई नोको."

मला वाटलं, संपलं. आता ही विमानापर्यंत पाण्याखेरीज काही घेणार नाही.

तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला. म्हातारी आमच्या दारात येऊन उभी होती, मागे मुलगा. तिनं आईला हातानं बोलावलं. आई मान खाली घालून गेली. म्हातारी तिला घेऊन धुऱ्यापर्यंत चालत आली, रोवलेले पट्टे पाहिले, काठी मुलाच्या हातात दिली, आणि वाकली. पाण्यात नाही, तिथेच धुऱ्यावर. डाव्या हातात जुडी धरल्यासारखी, उजव्या हाताची तीन बोटं खाली, आणि एक पाऊल मागे. मग दुसरं पाऊल मागे. कंबर धरून उभी राहिली आणि हसायला लागली.

मुलानं सांगितलं. पोरवयात ती डोंगराकडच्या गावातून इथे मजुरीला यायची. तेव्हा रोवणी, निंदण सगळं बायाच करायच्या, दिवसभर पाण्यात, जळवा, डास, आणि वरून गाणी. याच घरच्या मुलाशी लग्न झालं म्हणून इथे राहिली.

आई तिच्या कंबरेकडे बघत होती. "तुमी बी रोवली का, बाई?" मी ते मुलाला सांगितलं, मुलानं म्हातारीला. म्हातारीनं आपले दोन्ही तळवे आईसमोर धरले. आई ते धरून उभी राहिली. मग तिचा चेहरा जरा सैल झाला आणि ती मालकाकडे वळून म्हणाली, "भाऊ, चाकाखाली जाऊ द्या, नाई तं राहू द्या. पण रोवणी तं झाली. आता बोजारा पाहिजे."

ती थट्टा होती, पण मी ती थट्टेवर जाऊ दिली नाही. मी मालकाला बोजारा काय असतो ते पूर्ण सांगितलं: कोण आधी बसतं, कोण वाढतं, कोण मागून जेवतं. त्यानं म्हातारीला सांगितलं तशी ती त्याच्यावर ओरडलीच. त्यांच्याकडेही काम संपल्यावर मालकानं बायांना जेवण द्यायची रीत होती म्हणे, आणि हा एवढा मोठा झाला तरी त्याला सांगावं लागतं.

दुपारी म्हातारी स्वतः चुलीशी उभी राहिली. भात शिजला तरी तिनं उतरवला नाही. मुलगा म्हणाला, आता गिचका होईल, असा इथे कोणी खात नाही. तिनं त्याला हात हलवून बाजूला केलं. आदल्या रात्रीच्या जेवणालाच तिनं पाहिलं होतं, आईनं ते शीत बोटांत कसं चिरडलं ते.

टेबलावर आधी आईला बसवलं. फक्त आईला. म्हातारीनं वाढलं, भात, तेच दाणे, कोंबडी. मी पावाची टोपली धरून उभी होते. मालक पाण्याचा जग धरून उभा होता. आईनं आमच्या दोघांकडे पाहिलं, प्लेटीकडे पाहिलं. पिशवीतून जवसाची चटणी काढून बाजूला घेतली. वाफ निघत असलेल्या भाताचा घास केला आणि खाल्ला.

"आता शिजला," ती म्हणाली.

मान वर करून जेवली. प्लेट संपल्यावर ती म्हातारीपुढे धरली. "बाई, भात आणा." हे मराठीतच म्हणाली आणि म्हातारीला ते समजलं. मग म्हातारी तिच्या शेजारी बसली आणि आईनं तिच्या प्लेटीत चटणी वाढली. ती खाऊन म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, दोघी हसल्या, आणि तिनं आणखी मागितली. मी सगळ्यात शेवटी बसले. गंजाच्या तळाशी राहिलेला भात गार आणि चिकट झाला होता. मी तो सगळा खाल्ला.

निघताना मालक म्हणाला, यंदा त्या बांधीत ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूनं घालावा लागेल, म्हातारीचा हुकूम आहे.

गावी आलो तेव्हा काकू फाटकातच होती. "काय खाल्लं वं तिथी?"

"बोजारा," आई म्हणाली.

"हट. उगाच काई सांगून राह्यली."

मग रोवणी आली. मी रजा घेऊन गावी राहिले आणि आमच्या लहानशा बांधीत आई, भाऊ आणि मी मिळून रोवलं. माझं रोवणं वाकडं आहे, आईनं ते तोंडावर सांगितलं. शेवटच्या दिवशी घरी येऊन मी भात घातला, कोंबडी केली, आणि पेटीतली स्टीलची ताटं काढली. एक ताट वाढून आईसमोर ठेवलं.

"हे काय?"

"बोजारा."

"घरच्या बांधीचा कुठी बोजारा असते?"

"काऊन? घरची रोवणी रोवणी नाई का? आणि ही चूल इतकी वर्षं कोणी पेटवली?"

आई ताटाकडे बघत बसली. भाऊ पाण्याचा लोटा घेऊन उभा होता, त्यानं तो तिच्याजवळ ठेवला. मग आईनं ताट जवळ ओढलं, चुलीकडे पाठ केली आणि आमच्याकडे तोंड करून जेवायला लागली.

आता आमच्या घरात आईचं ताट आहे. ते आधी वाढतात, गरम असताना, आणि आई पोटभर जेवते.